तात्कालिक जोडणीवरील संदेशांची सर्व्हर-बाजूची हाताळणी : एक साधी आज्ञावली आणि देवनागरी मजकुराचा प्रश्न

सारांश : ब्राउझर व सर्व्हर यांच्यात अखंड, द्विमार्गी जोडणी ठेवण्यासाठी वेबसॉकेट हा प्रोटोकॉल वापरला जातो. या जोडणीवरून येणारे संदेश स्वीकारणारी, तपासणारी व योग्य ठिकाणी पोहोचविणारी सर्व्हरवरील आज्ञावली कशी रचावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. हस्तांदोलन, फ्रेमची रचना, संदेश-हाताळणीच्या पायऱ्या आणि जोडणी तुटण्याचे प्रसंग यांचा क्रमाने विचार केला असून मराठी मजकुरामुळे उद्भवणाऱ्या अडचणींकडे विशेष लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : वेबसॉकेट, सर्व्हर, संदेश-हाताळणी, फ्रेम, यूटीएफ-८, देवनागरी

१. प्रस्तावना

मोठ्या वर्गात शंका विचारण्यास विद्यार्थी कचरतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तर पुष्कळदा इंग्रजी वाक्य मनात जुळवीत बसतो आणि तोवर तास संपतो. या अडचणीवर उपाय म्हणून प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात शिकवीत असताना 'शंकाफलक' नावाची छोटी व्यवस्था तयार केली होती. विद्यार्थ्याने आपल्या मोबाइलवर शंका लिहावी आणि ती तत्क्षणी वर्गातील पडद्यावर व इतर सर्वांच्या मोबाइलवर दिसावी, एवढाच तिचा हेतू होता. विभागातील सहकाऱ्यांसमवेत घेतलेल्या चाचणीत ती उत्तम चालली. प्रत्यक्ष वर्गातही पहिल्या काही शंका व्यवस्थित उमटल्या. नंतर एका विद्यार्थिनीने पुढील शंका पाठविली : 'सर, हे सूत्र ऋण संख्यांनाही लागू पडते का, की फक्त धन संख्यांना?' आणि सर्वांचे पडदे एकाच वेळी थिजले. तास संपल्यावर ती विद्यार्थिनी जवळ येऊन म्हणाली, "सर, माझ्यामुळे बंद पडलं का?"

चूक तिची नव्हती, आज्ञावलीची होती आणि म्हणून लेखकाची होती. ती नेमकी कोठे होती, हे समजण्यासाठी तात्कालिक जोडणीचे अंतरंग पाहणे आवश्यक आहे. संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही समजावे, अशा बेताने पुढील विवेचन केले आहे.

२. पार्श्वभूमी : विचारणेपासून अखंड जोडणीपर्यंत

महाजालाचा मूळ व्यवहार 'विचारणा आणि उत्तर' या तत्त्वावर उभा आहे. ब्राउझर विचारतो, सर्व्हर उत्तर देतो. न विचारता सर्व्हरने आपणहून काही सांगावे, अशी सोय एचटीटीपी या प्रोटोकॉलच्या मूळ व्यवहारात नव्हती. पाने वाचण्यासाठी हे पुरेसे होते. परंतु गप्पा, क्रिकेटचा धावफलक, समभागांचे भाव अशा क्षणोक्षणी बदलणाऱ्या माहितीसाठी ते अपुरे पडू लागले.

यावरील पहिला उपाय म्हणजे वारंवार विचारणे. निकाल लागला का, हे पाहण्यासाठी विद्यार्थ्याने दर पाच मिनिटांनी कार्यालयाच्या खिडकीशी जावे, तसा हा प्रकार होय. बहुतेक खेपा व्यर्थ जातात आणि खिडकीवर गर्दी मात्र होते. पुढे जेसी जेम्स गॅरेट यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये 'एजॅक्स' हे नाव रूढ केले. संपूर्ण पान न बदलता पार्श्वभूमीवर माहिती आणण्याचे तंत्र त्यामुळे सर्वत्र पोहोचले. अ‍ॅलेक्स रसेल यांनी २००६ मध्ये ज्यांना 'कॉमेट' म्हटले, त्या तंत्रांत सर्व्हर विचारणा अडवून धरतो आणि सांगण्यासारखे काही घडले की मगच उत्तर देतो. खिडकीवरील लिपिकाने 'थांबा, निकाल आला की सांगतो' म्हणावे, तसे हे झाले. तथापि यातील दीर्घ-विचारणेच्या प्रकारात उत्तर मिळताच पुन्हा रांगेत उभे राहावे लागते आणि प्रत्येक खेपेस शीर्षमाहितीचा भार वाहावा लागतो.

वेबसॉकेट प्रोटोकॉलने ही रांगच मोडली. डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ या क्रमांकाने त्याचे प्रमाणक प्रसिद्ध झाले. यात जोडणी एकदाच होते, ती दोन्ही बाजूंनी खुली राहते आणि कोणत्याही बाजूने केव्हाही संदेश पाठविता येतो. सर्व्हरकडून जाणाऱ्या लहान संदेशावर शीर्षमाहितीचा भार केवळ २ बाइटचा असतो.

३. हस्तांदोलन

वेबसॉकेट जोडणीचा आरंभ साध्या एचटीटीपी विचारणेने होतो. 'हीच जोडणी पुढे वेबसॉकेट म्हणून वापरू या' अशी विनंती ब्राउझर करतो आणि तिच्यासोबत १६ यादृच्छिक बाइट बेस-६४ पद्धतीने लिहून २४ चिन्हांची एक किल्ली पाठवितो. सर्व्हरने पुढील चार कृती करावयाच्या असतात :

(१) त्या किल्लीला प्रमाणकात दिलेली ३६ चिन्हांची ठराविक माला जोडणे.
(२) अशा ६० चिन्हांवर एसएचए-१ ही प्रक्रिया करून २० बाइटचा सारांक काढणे.
(३) तो सारांक बेस-६४ मध्ये लिहून २८ चिन्हांचे उत्तर तयार करणे.
(४) १०१ या स्थिती-क्रमांकासह ते उत्तर परत पाठविणे.

यातील एसएचए-१ चा वापर गुप्ततेसाठी नाही. समोरचा सर्व्हर वेबसॉकेट खरोखर जाणतो, एखादी विचारणा चुकून स्वीकारत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. 'जोडणी झाली म्हणजे ओळख पटली' असा समज येथे होण्याचा संभव आहे, म्हणून ही बाब नमूद केली.

४. फ्रेमची रचना

हस्तांदोलनानंतर संदेश 'फ्रेम' नावाच्या तुकड्यांतून जातात. फ्रेमच्या पहिल्या बाइटमधील सर्वांत वरचा बिट 'हा संदेशाचा शेवटचा तुकडा आहे का' हे सांगतो. खालचे चार बिट प्रकार सांगतात. ० म्हणजे आधीच्या तुकड्याचा पुढील भाग, १ म्हणजे मजकूर, २ म्हणजे द्विमान माहिती, ८ म्हणजे समाप्ती, ९ म्हणजे पिंग आणि १० म्हणजे पाँग.

दुसऱ्या बाइटमधील वरचा बिट मजकूर झाकलेला आहे का, हे सांगतो. उरलेल्या सात बिटांत लांबी असते आणि तिचे तीन प्रकार आहेत. लांबी ० ते १२५ बाइट असेल तर ती तेथेच लिहिली जाते. तेथे १२६ हा आकडा आढळला तर ती लांबी नव्हे, तर खूण समजावयाची. खरी लांबी पुढील २ बाइटांत असते. १२७ आढळल्यास खरी लांबी पुढील ८ बाइटांत असते.

ब्राउझरकडून येणारी प्रत्येक फ्रेम झाकलेली असलीच पाहिजे. लांबीनंतर ४ बाइटची मास्क-किल्ली येते. मजकुराचा पहिला बाइट किल्लीच्या पहिल्या बाइटशी, दुसरा दुसऱ्याशी, याप्रमाणे एक्सऑर केला जातो. पाचव्या बाइटसाठी किल्ली पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सर्व्हरकडून जाणारी फ्रेम मात्र झाकावयाची नसते. मार्गातील मध्यस्थ सर्व्हरांची दिशाभूल करून त्यांच्या साठ्यात खोटी पाने घुसविता येऊ नयेत, हा या झाकण्याचा हेतू आहे. किल्ली फ्रेममध्येच उघड असल्याने यातून गुप्तता मिळत नाही.

उदाहरणार्थ, 'नमस्कार' हा शब्द घेऊ. न, म, स, हलन्त, क, काना, र अशी त्यात ७ युनिकोड चिन्हे आहेत. देवनागरी विभागातील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट व्यापते, म्हणून मजकूर २१ बाइटचा होतो. ब्राउझरकडून येताना पहिला बाइट १२९ (शेवटचा तुकडा, प्रकार मजकूर), दुसरा बाइट १२८ अधिक २१ म्हणजे १४९, नंतर ४ बाइट किल्ली व २१ बाइट मजकूर, अशी एकूण २७ बाइटची फ्रेम होते. 'न' चे बाइट २२४, १६४, १६८ असे आहेत. किल्ली ११, २२, ३३, ४४ असेल तर ते अनुक्रमे २३५, १७८, १३७ असे दिसतील. त्याच किल्लीने पुन्हा एक्सऑर केल्यास मूळ आकडे परत मिळतात. वर्गात फळ्यावर हे गणित करून दाखविता येते.

५. बिघाडाची मीमांसा

आता शंकाफलकाकडे परत येऊ. लेखकाने आज्ञावली लिहिताना लांबीचा पहिलाच प्रकार विचारात घेतला होता. 'शंका ती केवढी असणार, १२५ बाइट पुष्कळ झाले' असा त्यामागील विचार होता. चाचणीतील सर्व संदेश इंग्रजी व त्रोटक होते. इंग्रजी अक्षर १ बाइटचे असल्याने १२५ अक्षरांपर्यंत अडचण येत नाही. सलग देवनागरीत मात्र ४१ चिन्हांचे १२३ बाइट होतात आणि ४२ वे चिन्ह येताच मर्यादा ओलांडली जाते. काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे असल्याने ४१ चिन्हे म्हणजे मोजकेच शब्द होत.

त्या विद्यार्थिनीच्या शंकेत ४९ देवनागरी चिन्हे आणि १४ अवकाश व विरामचिन्हे आहेत. एकूण चिन्हे ६३, पण बाइट १४७ अधिक १४ म्हणजे १६१. तितक्याच, ६३ चिन्हांच्या इंग्रजी शंकेला ६३ बाइट पुरले असते. ब्राउझरने नियमानुसार लांबीच्या जागी १२६ ही खूण आणि पुढील दोन बाइटांत ०, १६१ असे लिहिले. आज्ञावलीने १२६ हीच लांबी मानली, ०, १६१ आणि किल्लीचा अर्धा भाग मिळून किल्ली मानली आणि चुकीच्या जागेपासून १२६ बाइट उचलले. मजकुराचे उरलेले ३७ बाइट पुढील फ्रेमचा आरंभ समजले गेले. उलगडलेले बाइट वैध यूटीएफ-८ ठरले नाहीत, अपवाद उद्भवला, तो कोठेही पकडलेला नव्हता आणि सर्व जोडण्या एकाच आवर्तनात सांभाळणारी ती आज्ञावली पूर्णपणे थांबली.

म्हणजे एका चुकीच्या गृहीतकाचा भार नेमका मराठीत लिहिणाऱ्यावर पडला. ज्यांच्यासाठी फलक उभारला, त्यांनाच त्याने अडविले. चाचणीची भाषा हीसुद्धा आज्ञावलीच्या रचनेचा भाग असते, हे या प्रसंगाने लेखकास शिकविले.

याच जातीच्या आणखी दोन चुका संभवतात. पहिली अशी की, टीसीपी जोडणी हा बाइटांचा अखंड प्रवाह आहे. एकदा वाचले म्हणजे एक फ्रेम मिळाली, असे नसते. कधी अर्धी फ्रेम हाती येते, कधी दोन एकत्र येतात. म्हणून आलेले बाइट साठवून, लांबी पूर्ण झाली की मगच फ्रेम वेगळी करावी. दुसरी अशी की, मोठा संदेश अनेक फ्रेममध्ये विभागला जाऊ शकतो आणि हा विभाग एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांच्या मधोमधही पडू शकतो. प्रमाणकास हे मान्य आहे. वैधता संपूर्ण संदेशाची पाहावयाची असते. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडणारी आज्ञावली इंग्रजीत निर्दोष वाटेल आणि मराठीत मधूनच अक्षरे मोडेल. यासाठी आधी बाइट जोडावेत, मग एकदाच मजकुरात रूपांतर करावे.

६. संदेश-हाताळणीची रचना

फ्रेममधून संपूर्ण संदेश हाती आला की हाताळणीचे मुख्य काम सुरू होते. शंकाफलकाच्या सुधारित रूपात प्रत्येक संदेश जेसन पद्धतीने लिहिला जातो आणि त्यात तीन घटक असतात : प्रकार, क्रमांक व मजकूर. प्रकार चार आहेत : 'प्रवेश', 'शंका', 'अनुमोदन' आणि 'उत्तरित'. सर्व्हर प्रत्येक जोडणीची एक नोंदवही ठेवतो. तीत सदस्याचे नाव, वर्ग, भूमिका आणि शेवटच्या संपर्काची वेळ असते.

येणारा प्रत्येक संदेश पुढील पायऱ्यांतून जातो :

(१) आकार : फ्रेमच्या शीर्षातील लांबी पाहूनच, मजकूर वाचण्यापूर्वी, ठरविलेल्या मर्यादेशी तुलना करावी. अधिक असल्यास १००९ या क्रमांकाने जोडणी बंद करावी.
(२) रूपांतर : जोडलेले बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचावेत. अवैध असल्यास १००७ या क्रमांकाने जोडणी बंद करावी.
(३) विश्लेषण : जेसन म्हणून वाचता न आल्यास 'संदेश समजला नाही' असे उत्तर द्यावे, जोडणी तोडू नये.
(४) प्रकारनिश्चिती : प्रकाराचे नाव व त्याचे कार्य यांचे एक कोष्टक ठेवावे. त्यात नाव न सापडल्यास त्रुटी कळवावी.
(५) अधिकार : ही कृती करण्याचा हक्क पाठविणाऱ्यास आहे का, हे नोंदवहीवरून पाहावे. 'मी शिक्षक आहे' असे संदेशात लिहिले म्हणून मानू नये.
(६) मजकुराची तपासणी : रिकामा मजकूर नाकारावा. शंकेची कमाल लांबी चिन्हांत मोजावी, बाइटांत नव्हे. अन्यथा मराठी लेखकास एकतृतीयांश जागा मिळेल.
(७) कृती : आधी साठवावे, मग सर्वांना पाठवावे. उलट क्रमाने केल्यास पडद्यावर दिसलेली शंका नोंदीत नसण्याचा संभव राहतो.
(८) पोच : पाठविणाऱ्यास त्याच क्रमांकासह पोच द्यावी.

या आठही पायऱ्या अपवाद पकडणाऱ्या एका कुंपणात असाव्यात. अनपेक्षित काही घडल्यास त्याची सविस्तर नोंद सर्व्हरवर करावी, पाठविणाऱ्यास साधी त्रुटी कळवावी आणि इतरांचे काम अबाधित ठेवावे. एकाच्या संदेशाने सर्वांचा फलक बंद पडू नये, हा येथील मूलभूत नियम आहे.

प्रकार ओळखण्यासाठी 'हे असेल तर, ते असेल तर' अशी शिडी रचण्याऐवजी कोष्टक ठेवण्याचा लाभ असा की, नवा प्रकार वाढविताना मुख्य आज्ञावलीस हात लावावा लागत नाही. सर्वांना संदेश पाठविताना नोंदवहीच्या प्रतीवरून क्रम चालवावा, कारण पाठवीत असतानाच एखादी जोडणी तुटली तर मूळ नोंदवही बदलते आणि क्रम बिघडतो.

मराठी मजकुराविषयी आणखी तीन सूचना कराव्याशा वाटतात. काही भाषांतील जेसन-लेखनाच्या सुविधा मूळ स्थितीत देवनागरी चिन्ह सहा चिन्हांच्या सांकेतिक रूपात लिहितात. पायथॉनमध्ये असेच घडते. त्यामुळे २१ बाइटचा 'नमस्कार' ४२ बाइटचा होतो. अर्थ बदलत नाही, भार दुप्पट होतो. ही सवय एका सूचनेने बंद करता येते. दुसरे असे की, 'दुसऱ्या' या शब्दातील ऱ हे अक्षर एका चिन्हानेही लिहिता येते आणि र व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. तीच शंका दोनदा आली का, हे पाहावयाचे असल्यास तुलनेपूर्वी युनिकोडचे एनएफसी हे प्रमाणरूप करून घ्यावे. तिसरे म्हणजे, काही कळफलक हेच अक्षर र, हलन्त आणि शून्य-रुंदीचे जोडचिन्ह अशा क्रमाने लिहितात. 'अदृश्य चिन्हे काढून टाका' असा सरसकट नियम केल्यास ते जोडचिन्ह जाते आणि 'ऱ्या' च्या जागी रफार उमटतो. मजकूर स्वच्छ करण्याच्या भरात शुद्धलेखन बिघडविणे योग्य नव्हे.

७. जोडणी तुटणे आणि सुरक्षितता

जोडणी नेहमीच निरोप घेऊन तुटत नाही. मोबाइल जिन्यात गेला, वीज गेली, तर सर्व्हरला काहीच कळत नाही आणि नोंदवहीत मृत जोडण्या साचत जातात. यासाठी ठराविक अंतराने पिंग पाठवावा. ब्राउझर आपणहून पाँग देतो. दोन-तीन पिंगांना उत्तर न आल्यास जोडणी बंद समजून नोंद काढावी. ब्राउझरच्या बाजूने पुन्हा जोडताना प्रत्येक खेपेस थांबण्याचा काळ वाढवीत न्यावा, अन्यथा सर्व्हर पुन्हा सुरू होताच सगळे एकदम दार ठोठावतात. शेवटचा मिळालेला क्रमांक कळविल्यास मधल्या काळातील शंका पाठविता येतात आणि पोच न मिळालेला संदेश पुन्हा आला तरी त्याच क्रमांकामुळे तो दोनदा नोंदला जात नाही.

एखाद्याची जोडणी संथ असेल तर त्याच्यासाठीचे संदेश सर्व्हरच्या स्मृतीत साचतात. प्रत्येकाच्या रांगेला मर्यादा घालावी आणि ती भरल्यास त्यास वगळावे. तो पुन्हा जोडला जाईल.

सुरक्षिततेच्या दृष्टीने तीन गोष्टी टाळता येणार नाहीत. जोडणी टीएलएसने संरक्षित असावी. हस्तांदोलनात ब्राउझर कळवितो ते मूळ संकेतस्थळ तपासावे, कारण अन्य संकेतस्थळावरील पानालाही वेबसॉकेट जोडणी मागता येते आणि तिच्यासोबत वापरकर्त्याच्या कुकी जाऊ शकतात. तसेच आलेला मजकूर पानावर दाखविताना तो निव्वळ मजकूर म्हणूनच दाखवावा, अन्यथा शंकेच्या रूपाने कोणीही आज्ञा घुसवील.

८. अध्यापनातील उपयोग

प्रत्यक्ष वापरासाठी फ्रेमचे वाचन स्वतः लिहू नये. सर्व प्रचलित भाषांत त्यासाठी तयार व पारखलेल्या लायब्ररी उपलब्ध आहेत. शिकण्यासाठी मात्र ते एकदा हाताने अवश्य लिहावे. लायब्ररी वापरली तरी तिसऱ्या पायरीपासून पुढील सर्व जबाबदारी आपलीच राहते. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हा विषय देता येईल. चाचणीच्या संचात किमान पुढील संदेश असावेत : रिकामा संदेश, ४१ आणि ४२ देवनागरी चिन्हांचे संदेश, ६५,५३५ बाइटांहून मोठा संदेश, चिन्हाच्या मध्ये तोडलेला संदेश आणि अवैध बाइट असलेला संदेश.

९. निष्कर्ष

तात्कालिक जोडणीवरील संदेश-हाताळणी ही रचनेने साधी, परंतु गृहीतकांच्या बाबतीत काटेकोर अशी बाब आहे. हस्तांदोलन जोडणी घडविते, ओळख पटवीत नाही. मास्क मजकूर झाकतो, गुप्त ठेवीत नाही. बाइट आणि अक्षर एक नव्हेत. हे तीन भेद ध्यानात ठेवून आणि प्रत्येक संदेश स्वतंत्र कुंपणात हाताळून विश्वासार्ह आज्ञावली लिहिता येते. आपल्या विद्यार्थ्यांच्या भाषेत चाचणी न घेतलेली आज्ञावली पूर्ण झाली, असे म्हणता येत नाही.

दुरुस्तीनंतरच्या पुढील तासाला लेखकाने फलकावर पहिली शंका म्हणून त्या विद्यार्थिनीचेच वाक्य, तिचे नाव न घेता, पाठविले. ते अखंड उमटले. ते सूत्र ऋण संख्यांनाही लागू पडते का, या तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी वर्गाला मिळाले.